शपथ सिगारेटची होती

माझा भाऊ एवेलिओ शब्दाचा पक्का आहे, असं आमच्या सगळ्या वस्तीत मानतात. मीही मानते. तेच तर दुखणं आहे.

त्याची मुलगी यारित्सा सात वर्षांची असताना तिला न्यूमोनिया झाला होता. तिची आई तोवर एका ट्रकवाल्याबरोबर ह्यूस्टनला निघून गेली होती आणि तिचं नाव घरात काढायचं नाही असा आमच्या आईचा हुकूम होता. पोर तापाने फणफणलेली, डॉक्टर धड काही बोलेनात. तेव्हा एवेलिओ चर्चच्या दारापासून ग्वादालुपेच्या माउलीच्या, आमच्या मेरीमातेच्या, तसबिरीपर्यंत गुडघ्यांवर चालत गेला आणि म्हणाला, "माझी पोर पंधरा वर्षांची होऊ दे. तोवर मी सिगारेटला शिवणार नाही." पाद्रीबाबांनी शपथेच्या कार्डावर सही करून ते त्याच्या हातात दिलं. आमच्या मेक्सिकन लोकांत पुरुष अशा शपथा घेतात, बहुतेक दारूच्या, कुणी सहा महिन्यांची, कुणी वर्षाची. शपथेवर असलेल्या माणसापुढे कुणी ग्लास धरत नाही, आग्रह करत नाही. तेवढी लाज आमच्यात अजून शिल्लक आहे.

पोर वाचली. आणि एवेलिओने शपथ पाळली. हे काही सोपं नव्हतं. छपरं घालणारा माणूस तो. टेक्ससच्या उन्हात, तापलेल्या डांबराच्या वाफेत दिवसभर वाकून काम करायचं, आणि बाकीचे सावलीत बसून झुरके मारत असताना आपण सूर्यफुलाच्या बिया फोडत बसायचं. पहिले काही महिने तो इतका चिडका झाला होता की कुत्रंसुद्धा त्याच्या वाटेला जात नसे. पण पाळली. रविवारी चर्चमध्ये बायका आपापल्या नवऱ्याला कोपराने ढोसून त्याच्याकडे बोट दाखवायच्या. आई तर त्याच्या शपथेबद्दल असं बोलायची की जणू तिनेच ती घेतली होती.

आईचा धाकही सांगायला हवा. तिच्यासमोर कुणीही कधी सिगारेट ओढलेली नाही. वडील जिवंत होते तेव्हा तेसुद्धा अंगणाच्या पार टोकाला जायचे. माझे मिशा पांढऱ्या झालेले मामा आई दिसली की जळती सिगारेट मुठीत लपवायचे, आणि त्यातल्या एकाने स्वतःचा तळहात भाजून घेतला होता. वडीलधाऱ्यांसमोर ओढायची नाही म्हणजे नाही. आमच्या घरात धूर शिरला नाही तो कुठल्या डॉक्टरच्या सांगण्यावरून नव्हे, या धाकामुळे.

मग रुतिलिओने ते वाफ ओढायचं पेन आणलं. रुतिलिओ एवेलिओचा मुकादम आणि यारित्साचा धर्मबाप. तेव्हा यारित्सा तेराची होती. रविवार होता, बार्बाकोआचं मटण आणि तोर्तियाच्या गरम पोळ्या खाऊन सगळे टेबलाशीच रेंगाळले होते. रुतिलिओने खिशातून बोटभर लांबीची चकचकीत नळी काढली, ओढली, आणि तोंडातून ढगासारखं काहीतरी सोडलं.

"घे, ओढ," तो एवेलिओला म्हणाला.

"मी शपथेवर आहे, माहितीय ना तुला."

"शपथ कशाची? सिगारेटची. यात आग आहे? राख आहे? तंबाखूचं पान तरी दिसतंय? नुसती वाफ आहे रे. तमाले उकडताना निघते तशी."

"मग तमालेच ओढ की," मी म्हणाले.

"दुवीबाई, तुम्ही आपल्या शिलाईत लक्ष घाला."

एवेलिओने आईकडे पाहिलं. चाळिशीतला बाप्या, पण पाहिलं आईकडेच. आईने ती नळी हातात घेतली, उलटसुलट केली, नाकाशी नेली.

"वास कसला येतोय हा?"

"आंब्याचा, दोन्या ओतिलिया," रुतिलिओ अदबीने म्हणाला.

"माउलीसमोर तू नेमकं काय बोललास?" आईने एवेलिओला विचारलं.

"सिगारेटला शिवणार नाही, असं."

"मग ही सिगारेट आहे?"

"नाही, आई."

"मग विचारतोस काय?"

मला राहवलं नाही. "आई, माउली काय कोर्टातली जज आहे, कागदावरचं वाचायला? त्याने काय सोडलं ते तिला कळतं."

"तू नको शिकवूस. तुझ्या नवऱ्याने तुझ्यासाठी कधी काही सोडलं होतं का?"

"सोडलं ना. मलाच सोडलं."

सगळे हसले. यारित्सा सर्वांत मोठ्याने हसली. आणि हसता हसताच निकाल लागला. एवेलिओने ते पेन ओठांना लावलं, डोळे मिटले. त्याच्या चेहऱ्यावर असं सुख पसरलं की मला दुसरीकडे बघावंसं वाटलं.

त्या दिवसापासून जे सिगारेटला कधी जमलं नव्हतं ते पेनाला जमलं. ते सिगारेट नव्हतं, म्हणून ते लपवायचं कारण नव्हतं. म्हणून ते जेवणाच्या टेबलावर आलं, सोफ्यावर आलं, यारित्साच्या शाळेच्या पुस्तकांवर आलं. एवेलिओ टीव्ही बघताना ओढायचा, पोर त्याच्या खांद्यावर डोकं टेकून बसलेली असायची. आईला तो वास आवडायचा. "घर कसं मिठाईच्या दुकानासारखं वाटतं," म्हणायची. मी काही बोलले की मला ऐकवायची, "माझा मुलगा शपथ पाळतोय आणि तुझ्या पोटात दुखतंय."

आमच्यात मुलगी पंधराची झाली की लग्नासारखा थाटाचा सोहळा करतात. त्या सोहळ्याचे पोशाख मी शिवते. आमच्या भागातल्या निम्म्या पोरी पंधराव्या वर्षी माझ्या हातचे घेरदार झगे घालून नाचल्या आहेत. यारित्साचा तर मी वर्षभर आधी मनात बेतून ठेवला होता. निळा, खांद्यावर जरीकाम, पाठीला बांधायची दोरी. पण पहिल्यांदा दोरी आवळली तेव्हाच ती कळवळली.

"आत्या, सैल कर. श्वास घेता येत नाही."

"अजून आवळलीच कुठेय मी?"

"कर ना सैल."

पुढच्या मापाला ती आणखी रोड झाली होती आणि तरीही दोरी तिला सहन होत नव्हती. कपडा भरपूर सैल, आणि पोरीला तो आवळतोय. मी तिच्या पाठीला कान लावला. आत बारीक शिट्टी वाजत होती. मी आईला सांगितलं. आईने तिच्या छातीला मलम चोळलं, मधातून कांद्याचा रस पाजला आणि म्हणाली, "नाचाची तालीम करून दमते पोर. तू उगीच अपशकुनी बोलू नकोस." एवेलिओ म्हणाला, सोहळा होऊ दे, मग दाखवू डॉक्टरला. सोहळ्याच्या आधी घरात आजारपणाचं नाव काढायचं नसतं.

यारित्साने एकच हट्ट धरला. झग्याच्या घेरात आतून खिसा हवा. "फोनसाठी गं, आत्या." सगळ्याच पोरी मागतात. मी शिवून दिला.

सोहळ्याचा दिवस एवेलिओच्या शपथेचा शेवटचा दिवस होता. त्यामुळे चर्चमध्ये प्रार्थनेच्या वेळी पाद्रीबाबांनी मुलीबरोबर बापाचंही नाव घेतलं आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आई शालीला डोळे पुसत होती. रुतिलिओने सिगारेटचं खास मोठं पाकीट आणलं होतं. बापलेकीचा वॉल्ट्झ नाच झाला की बाहेर जाऊन सगळ्या मित्रांनी एवेलिओला त्याची पहिली सिगारेट पेटवून द्यायची, असं ठरलं होतं. कुणी पेटवायची यावरून थट्टामस्करी चालली होती.

वॉल्ट्झ सुरू झाला. बापाने लेकीला उंच टाचांचे पहिले बूट घातले, हात धरून मधोमध नेलं. दोन फेऱ्या छान झाल्या. तिसरीला तिचं डोकं त्याच्या छातीवर टेकलं. लोकांना वाटलं, लाडात आली. बायकांनी "अय्या, किती गोड" असा सूरसुद्धा लावला. मला तिचे ओठ दिसले. तिच्या झग्याचाच रंग त्यांच्यावर आला होता. मी ओरडले तोवर ती खाली बसली होती, निळ्या कापडाच्या ढिगाऱ्यात.

इस्पितळात तरुण डॉक्टर होता. त्याला स्पॅनिश येत नव्हतं. त्याने चाकं लावलेला टीव्हीसारखा एक पडदा आणला, त्यावर दुभाषी बाई दिसत होती.

"घरात कुणी सिगारेट ओढतं का?" बाईने विचारलं.

एवेलिओ ताठ उभा राहिला. "नाही. मी सोडून आठ वर्षं झाली, डॉक्टर. माउलीची शपथ आहे." खिशातून त्याने शपथेचं कार्डसुद्धा काढून दाखवलं. डॉक्टरने मान डोलावली. पुढे त्याने काही विचारलं, आणि बाई म्हणाली, "मुलगी स्वतः काही ओढते का? सिगारेट, व्हेप, काहीही?"

"माझी नात?" आई कडाडली. "चांगल्या घरातली मुलगी आहे ती. असलं विचारताना जीभ कशी झडत नाही?"

ऑक्सिजनच्या मुखवट्याआडून यारित्सा आजीकडे बघत होती. तिने मान हलवली. नाही.

"एवेलिओ," मी म्हणाले, "तुझं पेन. ते सांग त्यांना."

"त्यांनी सिगारेटचं विचारलं, ताई."

"आत्ता व्हेपचं विचारलं ना!"

"ते तिचं विचारलं. आणि ती नाही म्हणाली."

डॉक्टरला मुलीशी एकटीशी बोलायचं होतं. आपण सगळे जरा बाहेर थांबाल का, असं पडद्यावरच्या बाईने फार नम्रपणे विचारलं. आई पलंगाचा कठडा धरून उभी राहिली. वयात आलेली पोर परक्या पुरुषाबरोबर एकटी सोडायची? तिच्या आईचं काय झालं ते आम्ही पाहिलं नव्हतं का? आई जागची हलली नाही. डॉक्टरने हात टेकले, संसर्गाची औषधं सुरू केली आणि गेला.

औषधांचा काही उपयोग झाला नाही. तिची छाती लोहाराच्या भात्यासारखी चालायची, आणि मग तेवढंही तिला झेपेना, तेव्हा तिच्या घशात नळी घालून तिला यंत्रावर ठेवलं. डॉक्टर रोज नवी तपासणी सांगायचा. ते चाचपडत होते हे मलाही कळत होतं. मी एवेलिओला पुन्हा पुन्हा म्हणत होते, सांग. आई मला म्हणत होती, "भावाला माउलीपुढे खोटा पाडायचाय तुला? पोर त्या शपथेवर जगलीय. शपथ खोटी ठरली तर काय होईल कळतंय का?" तिला खरंच भीती वाटत होती, हे मी कबूल करते. एवेलिओलाही वाटत होती. भीतीने दोघंही तोंडात मिठाची गुळणी धरून बसले, आणि दुसरीकडे पोरीच्या छातीत हवा जाईना.

झगा त्यांनी पहिल्याच दिवशी कात्रीने कापून काढला होता. प्लास्टिकच्या पिशवीत भरून तो माझ्याकडे दिला होता. मला तो बघवत नव्हता, गाडीतच पडला होता. शेवटी, दुसरं काही करता येत नव्हतं म्हणून, मी तो बाहेर काढला. निदान जरीकाम उसवून ठेवावं म्हटलं. घेर चाचपताना खिशात काहीतरी लागलं. फोन तर तिचा आईच्या पर्समध्ये होता.

गुलाबी रंगाचं पेन होतं. नवं नव्हतं. तोंडाशी दातांच्या खुणा होत्या.

मी ते आईला आणि एवेलिओला दाखवलं. बाहेरच्या खुर्च्यांवर ते जपमाळ घेऊन बसले होते.

"हे तिच्या झग्यात होतं."

एवेलिओचा चेहरा राखेसारखा झाला. त्याने हात पुढे केला. "माझं आहे ते. दे."

"गुलाबी?"

"माझं आहे म्हटलं ना. मीच ठेवायला दिलं होतं तिच्याकडे."

"ऐकलंस?" आई म्हणाली. "त्याचं आहे. फेकून दे ते आणि परत हा विषय काढू नकोस. मरणाच्या दारातल्या पोरीवर डाग लावतेस?"

"आई, डाग तिच्या छातीत लागलाय! सांगितलं तर औषध मिळेल तिला!"

"आणि उद्या बरी झाली की कोण करणार तिच्याशी लग्न? आईवर गेली म्हणतील."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. या बाईच्या पोटी मी जन्म घेतला याची मला त्या क्षणी किळस आली, आणि हे मी आज शांत डोक्यानेही म्हणते. मी वळले, दारावरची घंटी दाबली, आणि बाहेर आलेल्या परिचारिकेच्या हातात ते पेन ठेवलं. ती आमच्यातलीच होती, तिच्याशी बोलायला पडदा लागला नाही. मी सगळं सांगितलं. बापाचं पेन, लेकीचं पेन, छातीतली शिट्टी. तिने माझा दंड दाबला आणि आत पळाली. त्या दिवशी औषध बदललं. आठवडा उलटायच्या आत यारित्साच्या घशातली नळी काढली.

डॉक्टरने नंतर आम्हाला बसवून सांगितलं. फुप्फुसं आतून भाजल्यासारखी झाली आहेत. लहानपणीची दुखरी होतीच, त्यात हे. किती भरून येतील सांगता येत नाही. पेन परत तोंडाला लागता कामा नये, आणि घरात कसलाही धूर नको. पडद्यावरची बाई हे सांगताना मधेच थांबली, पाणी प्यायली. आई छताकडे बघत होती.

घरी काय सांगायचं ते मात्र आईने ठरवलं. एवेलिओच्या पेनाची वाफ पोरीला बाधली. पोरीने स्वतः कधी हात लावला नाही. ते गुलाबी पेनही एवेलिओचं. चर्चमधल्या बायकांना हे पटलं, किंवा पटल्यासारखं त्यांनी दाखवलं. आणि मी? मी परक्यांपुढे घराची अब्रू काढलेली बाई. आई माझ्याशी बोलेनाशी झाली. मी आले की ती स्वयंपाकघरात जाऊन भांडी आदळते.

एवेलिओ पुन्हा चर्चमध्ये गेला. पुन्हा दारापासून गुडघ्यांवर. या वेळी गुडघ्यांतून रक्त आलं, फरशीवर डाग उमटले, बायका रडल्या. "माझी पोर मला परत दिलीस," तो माउलीला म्हणाला, "आता जन्मात मी त्या पेनाला शिवणार नाही." नवं कार्ड मिळालं. रुतिलिओनेही आपलं पेन तिथेच पायरीशी ठेवलं. औषधाचं कुणी नाव काढलं नाही. त्या परिचारिकेचंही नाही.

परवाच्या रविवारी मी यारित्साला भेटायला गेले. आई चर्चमध्ये असते ती वेळ बघून गेले, खोटं कशाला बोलू. घरासमोर ट्रक उभा होता, दार उघडं, आणि एवेलिओ आत बसून सिगारेट ओढत होता. मला बघून त्याने ती लपवली नाही. मी काही त्याची आई नव्हे.

"हे काय?" मी म्हणाले.

"काय म्हणजे?"

"डॉक्टर काय म्हणाला?"

"घरात धूर नको म्हणाला. घरात ओढतोय का मी?"

"एवेलिओ, तू शपथ घेतलीस. अजून गुडघ्यांवरच्या खपल्या पडल्या नाहीत तुझ्या."

"पेनाची घेतली. ती मोडणार नाही, मेलो तरी." तो चिडला नव्हता. अगदी शांतपणे, मला समजावून सांगितल्यासारखं बोलत होता. "सिगारेटची मुदत सोहळ्याच्या दिवशी संपली, ताई. पाद्रीबाबांना विचार हवं तर. एक दिवससुद्धा चुकवला नाही मी."

त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. लेकीसाठी हा माणूस जीव देईल, मला ठाऊक आहे. मला त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली. मी आत गेले.

यारित्सा खिडकीपाशी आरामखुर्चीत होती. नाकात नळ्या, शेजारी ऑक्सिजनचं यंत्र गुरगुरत होतं. मी तिचे केस विंचरले. हाताला हाडं लागत होती. शाळेचं विचारलं, मैत्रिणींचं विचारलं. ती होला हो करत होती, आणि बोटं सारखी चाळवत होती, ओठांकडे जात होती आणि परत मांडीवर येत होती.

"बाबांनी माझ्यासाठी परत शपथ घेतली," ती म्हणाली.

"हो. ऐकलं."

"मला कुणी घ्यायला सांगितलीच नाही, आत्या. मी कधी ओढलंच नाही ना." ती हसली आणि तिला ढास लागली. मी पाठ चोळत राहिले. दम परत आल्यावर तिने माझा हात धरला. "रात्रंदिवस तेच डोक्यात असतं. आजीला सांगू शकत नाही, बाबांना सांगू शकत नाही. त्यांना माहितीय, पण सांगू शकत नाही."

"मला सांग ना, बाळा. आपण त्या नर्सबाईला विचारू. ती मदत करेल."

"आजी तुला मला कुठे नेऊ देणारेय का?"

ट्रकचं दार लागल्याचा आवाज आला, मग एवेलिओच्या पावलांचा, घराच्या मागच्या बाजूला गेलेला. तिने कान टवकारले होते.

"आत्या, बाबा पाकीट शर्टात ठेवतात की ट्रकमध्ये?"

"मला नाही माहीत."

"ट्रकमध्येच असणार," ती म्हणाली. "आजीमुळे घरात नाही आणत."

आणि नळी हळूच ओढून ती दारापर्यंत पुरते का, ते तिने बघितलं.